त्रेसष्ट मीटर, एकाहत्तर चुली

दहा वर्षांपूर्वीचा डिसेंबर, पहिला रविवार, सकाळचे साडेअकरा. हजर दोघं: दामलेबाई आणि मी. स्थळ, खाडीकाठच्या एका गावाबाहेरचा बसथांबा. मी आकडा सांगितला, त्रेसष्ट घरं.

"कशी मोजलीत?"

"विजेचे मीटर मोजले. पक्का पुरावा. प्रत्येकाचा नंबर उतरवून घेतलाय."

बाईंनी चष्मा वर सरकवला. "परब, मीटर जेवतो का हो?"

"नाही," मी म्हणालो.

"मग चुली मोजा. एका चुलीवरचं जेवतात ते एका घरातले. दारं किती का असेनात."

गाव ठाण्यात कोलशेतच्या बाजूला आहे एवढंच सांगतो. नाव लिहिणार नाही. कारण पुढे येईल.

दामलेबाई ठाण्याच्या एका कॉलेजात मानवशास्त्र शिकवायच्या. डोंबिवलीत आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. आम्ही पहिल्या मजल्यावर. निवृत्त झाल्यावर त्यांनी हे गाव अभ्यासाला घेतलं. शेती गेली, मिठागरं गेली, चारी बाजूंनी टॉवर उभे राहिले, आता आतली घरं कशी जगतात ते त्यांना लिहायचं होतं. मी वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात स्टोअर्सला होतो. कारखाना बंद पडला आणि मी घरी बसलो. एकदा जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, "तुम्हाला मोजता येतं ना? मग चला." तेव्हापासून दर बुधवारी आणि रविवारी मी त्यांच्याबरोबर जाऊ लागलो. चौदा महिने.

लोकांसमोर त्या वही कधी काढायच्या नाहीत. तास दोन तास नुसत्या बसायच्या, ऐकायच्या, लसूण सोलू लागायच्या. मग बसथांब्यावर येऊन भराभरा लिहायच्या. तेवढा वेळ मी तोंड उघडायचं नाही. एकदा मी बस आल्याचं सांगितलं, तर हात वर करून म्हणाल्या, "आत्ता बोलू नका परब, सांडेल." ती बस गेली. पुढची पस्तीस मिनिटांनी आली.

चहाला नाही म्हणायचं नाही, हा दुसरा नियम. एका सकाळी मी मोजले, अकरा कप. घरी येऊन बाईंनी पित्ताची गोळी घेतली आणि म्हणाल्या, "अकरा घरांत आता आपल्याला ओळखतात. गोळी स्वस्त पडली."

चुली मोजायचं काम मीटरइतकं सोपं नव्हतं. सत्ताविसाव्या घरात एक म्हातारी मागच्या पडवीत बसलेली दिसली. तिला इथे राधाबाई म्हणतो. हे तिचं नाव नाही. रेशनकार्डावर ती मुलाच्या कुटुंबात होती. पण पडवीत तीन विटांची चूल होती आणि तिच्यावर भात शिजत होता. मी सरळ विचारलं, "आजी, तुम्ही मुलापासून वेगळ्या का राहता?"

"कोन बोलला येगली ऱ्हातंय? पोराकडंच हाय मी," असं म्हणून तिने तोंड फिरवलं.

बाई तिच्याशेजारी टेकल्या. चुलीतलं लाकूड आत सरकवलं. मग म्हणाल्या, "सकाळचा पहिला चहा कोण करतं हो तुमच्यात?"

"मना पाचला लागतं. सून उठतं आठला. मंग मीच करतंय माजा." चहावरून भाकरीवर, भाकरीवरून मासळीच्या कालवणावर आणि तिथून सूनबाईवर गाडी गेली. चार वर्षं राधाबाई एकट्या रांधत होत्या. मुलगा बाहेर मात्र सांगायचा, आईला मी फुलासारखी ठेवलीय. शेवटी म्हातारीने बाईंचा हात धरला. "बाय, कुटं लिहू नको. नातीचं लगीन ठरतंय. पावन्यांच्या कानाव गेला, तं मोडंल."

बाईंनी शब्द दिला.

परतताना मला म्हणाल्या, "'का' विचारलं की माणूस बचाव करायला लागतो. 'कसं' विचारलं की सांगतो." मी ते माझ्या वहीत लिहून घेतलं. आकड्यांशिवाय तिच्यात तेवढं एकच वाक्य आहे.

फिरून मोजणी केली तेव्हा चुली भरल्या एकाहत्तर.

छापण्याआधी, ज्यांच्याविषयी लिहिलं त्यांना वाचून दाखवायचं, ही बाईंची पद्धत. गावातल्या समाजमंदिरात एका रविवारी सभा ठरली. बाईंनी मला सांगितलं होतं, एकूण आकडे तेवढे एका कागदावर करून आणा. पण नुसती बेरीज माझ्या हातून सुटेना. आमच्या स्टोअर्समध्ये तपशिलाशिवाय बेरीज दिली तर ऑडिटर कागद तोंडावर फेकायचा. मी पाठच्या बाजूला तक्ता जोडला. नावं एकही नाहीत. घर क्रमांक एक ते त्रेसष्ट, समोर चुलींची संख्या. सत्तावीस नंबरसमोर दोन. क्रम अर्थात मी मोजत गेलो तोच, देवळापासून खाडीपर्यंत. तीस प्रती काढल्या आणि बाई पोचायच्या आतच वाटून टाकल्या.

बाई येऊन बसल्या. पहिल्या रांगेत नाना म्हणून एक गृहस्थ होते. त्यांनी कागद उलटला आणि बोट ठेवलं. "देवलाकडशी धरला तं पयला माजा घर. चूल येक, बराबर. दुसरा बालारामचा..." शेजारचे दोघं वाकून बघू लागले. नानांचं बोट खाली सरकत होतं. पाच. आठ. अकरा.

मला अजूनही काही कळलं नव्हतं. माझा तक्ता लोक वाचतायत म्हणून मी खूश होतो.

बाई ताडकन उठल्या. "थांबा! कागद परत द्या सगळे. मोजणी चुकलीय."

"कोनाची चूक?" नाना म्हणाले.

"माझी."

"बाय, येवढी शिकलीस, दुनियेला शिकवलंस, न घरा मोजता नाय आली?"

सगळं समाजमंदिर हसलं. "पुढल्या टायमाला मना बोलव," मागून कोणीतरी म्हणालं, "मी पाडे शिकवतंय तुला." बाई सगळ्यांत जास्त हसल्या. राधाबाईंचा मुलगाही हसत होता. मी बेरीज बरोबर आहे हे सांगायला उभा राहिलो, तर बाई हळूच म्हणाल्या, "बसा परब." मी बसलो. कागद गोळा केले. एकोणतीस भरले.

बसथांब्यावर त्या दिवशी त्यांनी वही काढली नाही. मी म्हटलं, "बाई, आकडे बरोबर होते."

"हो. म्हणून तर." थोड्या वेळाने म्हणाल्या, "नावं काढलीत, पण गल्ली तशीच ठेवलीत. चालत गेलं की माणूस सापडतो." याउपर त्या मला एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तिसावा कागद कुणाकडे, या धास्तीने मी तीन दिवस जेवलो नाही. बुधवारी गेलो तर राधाबाईंनी पडवीतून हाक मारली. "बाला, तुजा कागद मी नेला. वाचता येत नाय, पन बोटा घालून मोजाय लागली तवा समजला. चुलीत घातला. बरा पेटला."

नातीचं लग्न झालं. आम्ही दोघं जेवायला गेलो.

पुस्तकातून बाईंनी वेगळ्या चुलींवरचं प्रकरण काढून टाकलं. चौदा महिन्यांतलं सगळ्यांत चांगलं तेच होतं, असं त्यांनीच एकदा सांगितलं होतं. एकाहत्तरच्या जागी 'सुमारे सत्तर चुली' असं छापलं. मी हुज्जत घातली, सुमारे कशाला, मोजल्यात आपण. त्या म्हणाल्या, "त्या 'सुमारे'त एक म्हातारी राहते, परब. राहू दे तिला."

तीन वर्षांपूर्वी बाई बाथरूममध्ये पडल्या. खुबा मोडला, स्वयंपाक सुटला. सुनीता, माझी बायको, दोन्ही वेळचा डबा वर पाठवू लागली. बाईंनी एकदा पैशांचा विषय काढला, तेव्हा सुनीता म्हणाली, "पुन्हा बोललात तर भाजीत मीठ घालणार नाही." वरून फोन यायचा, "पोळ्या दोनच दे गं. तिसरी तुझ्या नवऱ्याला दे, तो मोजत असेल." मी खरंच मोजत असायचो.

गेल्या वर्षी गणपतीनंतर त्या गेल्या. भाची परदेशात, तिला पोचणं शक्य नव्हतं. तिने फोनवर सांगितलं, तुम्हीच करा. स्मशानातल्या खिडकीत रजिस्टर घेऊन बसलेला माणूस नाव, वय, पत्ता विचारत गेला. मग म्हणाला, "मयताचे तुम्ही कोण?"

शेजारी हे उत्तर बरोबर होतं. मी आयुष्यभर अशीच उत्तरं दिलीत. पण या वेळी दिलं नाही.

"एकाच घरातले," मी म्हणालो.

त्याने माझं आधारकार्ड पाहिलं. "आडनाव वेगळंय. मजलापण वेगळा लिहिलाय."

"मीटरही वेगळा आहे," मी म्हणालो. "तुम्ही लिहा."