लाल रबरी नळी

कोंबडीने दाणा टिपणे सोडले तेव्हा पासष्ट सालची लढाई चालू होती. माझा नवरा सरहद्दीवर होता आणि महिनाभर त्याचे पत्र नव्हते. सासूबाईंनी ती कोंबडी त्याच्या नावाने देवाला सोडलेली होती. तो सुखरूप आला की तिला देवापुढे कापून नवस फेडायचा. तोवर तिला बांधायचे नाही, विकायचे नाही. नणंदेच्या बाळंतपणासाठी विट्याला जाताना त्या एवढेच म्हणाल्या, "घराचं ऱ्हाऊ दे. कोंबडीकडं बघ."

कोंबडीच्या जिवाचा माणसाच्या जिवाशी संबंध नसतो, हे मला माहीत होते. तरी ती पिसे फुगवून चुलीमागे बसली तेव्हा मी हातातले काम टाकून तिच्याजवळ जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी मी तिची चोच उघडून चमच्याने पाणी ओतले, आजारी माणसाला पाजतात तसे. तिने मान ताणली. घशात घरघर सुरू झाली. शेजारच्या मावशी ओरडल्या, "अगं, मारतीस का काय तिला!" मी तिला पाटीत घातले आणि उंब्रजला गुरांच्या दवाखान्यात नेले.

कंपाउंडरने आधी गळ्याखालची दाण्याची पिशवी चाचपली. "रिकामी हाय. टणक असती तर वरनं काय बी घालायचं नव्हतं." मग चोच उघडून दाखवली. जिभेच्या मुळाशी एक बारीक चीर उघडमीट करत होती. "ही श्वासाची वाट. वैनी, तुमी हितं पाणी वतत हुता."

त्याने एक मऊ, लाल रबरी नळी उकळून घेतली, चोचीपासून पिशवीपर्यंत मापली आणि खुणेला दोरा बांधला. पहिल्यांदा गूळ-मिठाचे कोमट पाणी त्यानेच घातले. नळी आणि काचेची पिचकारी माझ्या हातात देऊन म्हणाला, "सांजच्याला तुमी."

"मला न्हाई जमायचं."

"मग मी काय तुमच्याकडं ऱ्हायाला येऊ?"

संध्याकाळी मावशींनी कोंबडी जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळून मांडीवर धरली. मी मान सरळ केली. नळी जिभेवरून, चीर चुकवून, कोंबडीच्या उजव्या अंगाने आत सरकवली. सांगितल्याप्रमाणे बोटांनी मान चाचपली. कड्याकड्यांची श्वासनळी एकीकडे आणि गुळगुळीत रबर दुसरीकडे, अशा दोन नळ्या लागल्या पाहिजेत. मला एकच लागली. मी नळी ओढून काढली.

"अजून पदरात पोर न्हाई आन् कोंबडीला नळीनं भरवतीस," मावशी म्हणाल्या. "घाल परत. मी धरलीया."

दुसऱ्या वेळी दोन लागल्या. दोरा चोचीशी आला. मी पिचकारी हळूहळू दाबली. तोंडात पाणी वर येते का, हे पाहताना मी स्वतःचा श्वास धरून ठेवला होता. पाणी वर आले नाही. नळी चिमटीत दाबून बाहेर काढली.

पुढे दिवसातून तीनदा, पिशवी रिकामी झाल्याची खात्री करून, गाळलेली ज्वारीची पातळ पेज. प्रत्येक वेळी तीच भीती. चूक झाली असती तर ती माझ्याच हातात मेली असती.

चौथ्या दिवशी तिने आपणहून दाणा टिपला. सहाव्या दिवशी सासूबाई आल्या. त्यांनी कोंबडी उचलून वजन पाहिले. "वाळली व्हय गं?"

"न्हाई," मी म्हणाले.

आठवड्याने पत्र आले. सासूबाईंनी ते डोक्याला लावले आणि कोंबडीपुढे मूठभर ज्वारी टाकली. मी तारीख पाहिली. कोंबडी आजारी पडण्याच्या तीन दिवस आधीची होती; त्यानंतर तो कसा आहे, हे त्यात असणार नव्हते. मी ते कोणाला सांगितले नाही. त्या दिवसापासून मी रोज सकाळी कोंबडीची पिशवी चाचपू लागले.

नवरा रजेवर आला. रविवारी नवस फेडला. सोमवारी मी नळी उकळली, पुसली आणि उंब्रजला जाऊन परत दिली.