दादाचं कैदेतलं कार्ड

नाशिक रोडला उतरलो तो खिशावर हात ठेवूनच. खिशात माझ्या थोरल्या भावाचं, दादाचं, कार्ड होतं. मागच्या महायुद्धात तो तुर्कांच्या कैदेत सापडला. कैद्यालाही घरी लिहू द्यायचं, असा राष्ट्राराष्ट्रांत करार होता. म्हणून ते कार्ड आमच्या साताऱ्याकडच्या गावी पोचलं. ‘मी खुशाल आहे. यमुनेला सांभाळा.’ पंचाईत एवढीच, की दादा वारल्याचा सरकारी कागद त्याआधीच आला होता. आईने कार्डावर भरवसा ठेवला आणि यमुनावहिनींचं कुंकू तसंच राहिलं. यंदा आई गेली, तेव्हा वहिनी म्हणाल्या, “भावजी, कार्ड लिहिणाऱ्याला भेटून या.” दादा निरक्षर, खाली ‘हस्ते करीम, सायखेडा’ असं होतं.

सर्व्हिस मोटर (भाड्याची बस) अर्ध्या वाटेत रुसली. ड्रायव्हर निवांत विडी ओढू लागला, म्हणून मी तरातरा चालत सुटलो. गंगा दिसली (इकडे गोदावरीला गंगाच म्हणतात) आणि राग निवळला. दादाने मला कृष्णेत पोहायला शिकवलं होतं. पाण्यात ढकलायचा आणि स्वतःच घाबरून मागोमाग उडी टाकायचा.

करीमचाचा मळ्यात वांगी तोडत होते. कार्ड पाहून त्यांनी टोपली खाली ठेवली. आधी भाकरी-भरीत खाऊ घातलं, मग बोलले.

“कार्ड लिहायच्या आधीच गेला तो, बाबा. तुर्की डाक्टरानं लय केलं. दुश्मनाचा मानूस, बाहीवर त्यांच्या दवाखान्याचा लाल चांद, पन आमच्या जखमा हातानं धुवायचा. समद्यांची कार्डं मीच लिहायचो, तुझ्या भावाच्या वाट्याचं माझ्यापाशी कोरं राह्यलं. परत द्यायला जीव झाला नाय. मेलेल्याचं लिहू नका, असं करारात कुठं व्हतं?”

“आणि यमुना?”

“तापात येकच नाव घ्यायचा. बहीन आसंल, म्हणून घातलं.”

मला राग आला. त्या कार्डापायी आई मरेपर्यंत वाटेकडे डोळे लावून होती. पण म्हाताऱ्याने कार्ड सदऱ्याला पुसून जपून माझ्या हाती दिलं. रागवायचं राहून गेलं.

घरी आलो. दादा नाही, हे वहिनींना कसंबसं सांगितलं.

“ते कार्ड आलं त्याच दिवशी कळलं,” त्या म्हणाल्या. “सासूबाईंना लिहिताना ते माझं नाव घेतील होय? पण त्यांचा जीव त्या कार्डात होता. गप्प राहिले.”

“मग मला कशाला पाठवलंत?”

“परमुलखात माझं नाव कुणाला कसं कळलं, तेवढं हवं होतं.”

मी तापाचं सांगितलं. त्यांनी पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग कार्ड मागून घेऊन, नाव कुठे आहे ते विचारलं. मी बोटाने दाखवलं.

करार करणारी मंडळी कोण, कुठली, मला ठाऊक नाही. त्यांनी कैद्याला कार्ड दिलं नसतं, तर दादाने घेतलेलं नाव तिकडेच राहिलं असतं. दुसऱ्या दिवशी वहिनींनी कुंकू पुसलं. आईने देवघरात ठेवलेलं कार्ड आता त्यांच्या पेटीत असतं.