हवालदारानं रचलेला एकुलता एक सीन

मोरू गेल्याची बातमी मला मोबाइलनं दिली आणि तीही धड दिली नाही. सकाळी चहाचा कप हातात घेऊन ग्रुप उघडला, तर आमच्या मोरूचं डोकं भलत्याच कुणाच्या धडावर बसवलेलं. धड पंचविशीतलं, दंड टरारून फुगलेले, हातात मशीनगन, मागे आगीचा लोळ आणि त्या लोळातून वर निघालेलं लढाऊ विमान. खाली लाल अक्षरांत ‘वीर जवान अमर रहे’. मोरूनं सत्तरी कधीच ओलांडली होती. नोकरी सगळी पायदळात झाली, आणि विमानाशी त्याचा संबंध एवढाच की चिकूच्या वाडीवरून एखादं गेलं की तो वाडीतल्या कामगारांसारखा मान वर करून बघायचा. पहिल्यांदा मला वाटलं, कुणीतरी थट्टा केलीय. मग मोरूच्या बायकोला, सुमनवहिनींना फोन लावला. त्या म्हणाल्या, “हो भाऊजी, झोपेतच गेले…”

तेच चित्र दुपारपर्यंत फ्लेक्स होऊन डहाणूच्या नाक्यावर लागलं. मी तरातरा छपाईवाल्याकडे गेलो. तो बिचारा शांतपणे म्हणाला की मोरू हवालदारांचा वर्दीतला फोटोच कुणाकडे मिळाला नाही. खरंच होतं ते. फौजेतला म्हणून जो एक फोटो घरात आहे त्यात मोरू बिनबाह्यांचा स्वेटर घालून, हातात जेवणाचा डबा धरून, तोंडभर हसतोय. “शेठ, यात ते फौजी कुठं दिसतात?” छपाईवाल्यानं विचारलं. त्याचं म्हणणं पटलं म्हणून मी आणखी चिडलो. आता महिना उलटून गेला, फ्लेक्स वाऱ्यानं फाटून खाली आला, तरी माझं डोकं काही थंड झालेलं नाही. वहिनी म्हणतात, लिहून काढा म्हणजे बरं वाटेल. बघू.

मोरू फौजेतून हवालदार होऊन परत आला तेव्हा आमच्याकडे एक घोळ झाला. इथं हवालदार म्हणजे पोलीस. तलासरीच्या नाक्यावर कुणाची मोटारसायकल अडकली, कुणाच्या कोंबड्या गेल्या, कुणाच्या नवऱ्यानं दारू पिऊन भांडी फोडली, की माणसं सरळ मोरूच्या ओटीवर. सुरुवातीला तो प्रत्येकाला समजावून सांगायचा की बाबांनो, हा हवालदार वेगळा, तो वेगळा. लोक ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे आणि पुन्हा कोंबड्यांवर यायचे. शेवटी त्यानं हात टेकले आणि भांडणं सोडवायला लागला. चांगली सोडवायचा, कारण तो दोन्ही बाजूंचं पूर्ण ऐकून घ्यायचा आणि आवाज कधी चढवायचा नाही. मी त्याला म्हणायचो, अरे, तू फौजेतला आहेस असं कुणाला वाटतच नाही, जरा मिशी तरी वाढव.

मला असं वाटण्याचं कारण म्हणजे माझा धंदा. आमची टॉकीज होती. वडिलांनी सुरू केली, मी चालवली आणि मीच बंद केली. युद्धाचा पिक्चर लावला की तिकीटबारीवर गर्दी उसळायची, तारापूरच्या कारखान्यातली पाळी सुटली की माणसं सायकली हाणत यायची. मला स्वतःला हे पिक्चर जीव की प्राण. नायक छातीवर गोळी झेलून झेंडा रोवतो तिथं मी दर खेळाला रडायचो, पोटमाळ्यावर मशिनीशेजारी उभा राहून. आणि मोरू? पहिल्या दिवशी पहिला खेळ, कडेची खुर्ची. बाहेर आला की मी विचारायचो, कसा वाटला? तो म्हणायचा, “शेठ, हे लोक पाणी कधी पितात?” तेवढ्यानं माझं टाळकं सरकायचं.

वर्षानुवर्षं आमचं हेच चाललं. मोरूचं म्हणणं, पिक्चरमधला जवान सारखा ओरडतो. खरा जवान ओरडला तर शेजारचाच त्याला लाथ घालेल. पिक्चरमध्ये साहेब लढाईच्या आधी लांबलचक भाषण ठोकतो. आमचा साहेब विचारायचा की पोट साफ झालं का सगळ्यांचं, आणि तेच फार मोलाचं असायचं. पिक्चरमधल्या जवानाला कंटाळा येत नाही. “नव्वद टक्के फौज म्हणजे वाट बघणं, शेठ. ते कुणी दाखवत नाही.” मी म्हणायचो, वाट बघायला लोक माझ्या टॉकीजमध्ये कशाला येतील, एसटी स्टँडवर फुकट बघता येते. यावर तो खदाखदा हसायचा, पण मत बदलायचा नाही. मीही बदललं नाही. एकदा मात्र खंदकातल्या एका सीनला, हॉल चिडीचूप असताना, एकट्या मोरूनं जोरात टाळ्या पिटल्या. लोक वळून बघायला लागले. मी नंतर विचारलं तर म्हणाला, मागे कोपऱ्यात एक जण शेगडीवर मोजे वाळवत होता, ते तू पाहिलंस का? तेवढं एक खरं होतं. मी तो पिक्चर बारा वेळा पाहिला होता आणि मला मोजे दिसले नव्हते, पण हे मी त्याला कबूल केलं नाही.

मग इतकं खोटं वाटतं तर येतोस कशाला, हा माझा हुकमी सवाल. त्याचं उत्तर त्यानं फार उशिरा दिलं. त्या काळी एक नट होता, नायकाच्या जिगरी दोस्ताचं काम करायचा. प्रत्येक युद्धपटात तो मध्यंतरानंतर मरायचा, आई आई करत, नायकाच्या मांडीवर डोकं ठेवून. मोरू म्हणाला, मी त्याला बघायला येतो. पुढच्या पिक्चरमध्ये तो परत उभा राहिलेला असतो ना… तेवढं बघून घ्यायचं. मी हसलो, कारण मला वाटलं हा विनोद आहे.

देवजीचं मला टॉकीज बंद झाल्यावर कळलं. माझ्या ओटीवर टीव्ही चालू होता, पिक्चर कुठलातरी तसलाच, आणि मरणारा जवान शेवटचं वाक्य बोलत होता. मोरू उठला, टीव्हीचा आवाज बंद केला आणि म्हणाला, “हे मी पण केलंय.” देवजी वेवजी गावचा, तलासरीच्या पुढचा, आदिवासी पाड्यावरचा. साऱ्या पलटणीत आपल्या बाजूचा म्हणावा असा मोरूला तो एकटाच. दोघं बर्फातल्या एका चौकीवर होते. लढाई नव्हती, शत्रू नव्हता. पत्ते खेळत बसले होते. देवजीला चहाची तलफ आली. तिकडे चहा म्हणजे बाहेरून डबाभर बर्फ आणायचा, तो वितळवायचा, मग चहा. देवजी हातातली पानं पालथी टाकून डबा घेऊन उठला आणि दारातून म्हणाला, “माजी पानां बघू नको.” बाहेर कडेचा बर्फ त्याच्यासकट खाली गेला. खूप शोधलं, सापडला नाही.

मोरूला रजा मिळाली आणि वेवजीला जाऊन सांगण्याचं काम त्याच्यावर आलं. सरकारी कागद इंग्रजीत, आणि घरात वाचणारं कुणी नाही. दारात देवजीची आई उभी होती. तिनं विचारलं, कसा गेला? मोरू मला म्हणाला, “शेठ, त्या बाईला काय सांगू? चहासाठी बर्फ आणायला गेला?” त्यानं सांगितलं की देवजीनं छातीवर गोळी झेलली. मग आई म्हणाली, शेवटी काय बोलला? हा प्रश्न येईल असं त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. फौजेत पडदा लावून दाखवलेल्या कुठल्यातरी हिंदी पिक्चरमधलं वाक्य त्यानं घाईघाईनं मराठीत करून सांगून टाकलं: ‘आई, तुझ्या लेकानं पाठ दाखवली नाही.’ आईनं डोळे मिटले आणि त्याला आत बसवून भाकरी वाढली. मला आठवतंय, हे ऐकताना माझ्या मनात आधी काय आलं असेल तर हेच की, बघ, वेळ आली तेव्हा तूसुद्धा माझ्याच दुकानात आलास. बोललो मात्र नाही. त्याचा चेहरा बघून कुणीच बोललं नसतं.

त्यानंतर मोरू दर वर्षी वेवजीला जात राहिला. जाताना चिंचणीचे सुके बोंबील न्यायचा, येताना ते लोक वालाच्या शेंगा बांधून द्यायचे. आई वारली तरी धाकटी बहीण सोनीबाय होती, तिच्याकडे जायचा. यंदा उन्हाळ्यात त्याचे गुडघे फार धरले, तेव्हा तो मला म्हणाला, “मी गेलो की वेवजीला तू जाऊन सांग. फोन करू नकोस. आणि तिनं कधी देवजीचं विचारलंच, तर तिला…” एवढ्यात वहिनी मासळी घेऊन आत आल्या, पापलेट ताजं की शिळं यावर नवराबायकोची जुंपली आणि ते वाक्य तिथंच राहिलं. मी नंतर विचारीन म्हटलं… तर तिला काय, मोरू? खरं सांगू की तुझा सीन चालू ठेवू? दिवसकार्य होईपर्यंत मला हेच छळत होतं. रात्री झोपेतून उठून मी मोरूशी भांडायचो. आयुष्यभर माझ्या पिक्चरांत खोट काढलीस, आणि स्वतःच्या पिक्चरचा शेवट माझ्या गळ्यात टाकून गेलास.

दिवसकार्य झाल्यावर गेलो. तलासरीपर्यंत एसटी, पुढे शेअर रिक्षा. हायवेला कंटेनरमागून कंटेनर गुजरातकडे धावत होते आणि रिक्षातली सगळी माणसं निवांत होती, मी सोडून. एकदा वाटलं, उतरावं आणि परत जावं. सोनीबाय अंगणात बसली होती, साठीच्या पुढची, बारकी, डोळे चटपटीत. मला तिनं पाहिलं नव्हतं, मोरूकडून नुसतं ऐकलं होतं, पण बोंबलांची पिशवी बघितली आणि तिला कळलं. “हवालदार गेला?” एवढंच म्हणाली. मी मान हलवली. तिनं सुनेला पाणी आणायला सांगितलं आणि बराच वेळ पदरानं हात पुसत बसली. हात कोरडेच होते.

मग मला घराच्या मागे घेऊन गेली. झाडाखाली देवजीचा चिरा होता. त्या लोकांत गेलेल्या माणसाच्या नावानं अशी कोरीव फळी उभी करतात, वर सूर्य, चंद्र, आणि घोड्यावर बसलेला माणूस. मी म्हटलं, देवजी घोडदळात नव्हता. ती म्हणाली, आमचेत सगळ्यांनाच घोडा देतात, माझ्या बापालाही दिलाय, त्यानं बैलाशिवाय काही हाकलं नाही. फळीवर ते पाठ न दाखवल्याचं वाक्य कुठं आहे का, म्हणून मी शोधत होतो. तिनं ओळखलं असावं.

“शेठ, आता तरी खरा सांगा. माझा भाव कसा मेला?”

मी फळीवरच्या घोड्याकडे बघत राहिलो. तीच पुढे बोलली. आईला पहिल्याच दिवशी समजलं होतं. हवालदार उन्हातून पायी चालत आला, भाकरी खाऊन गेला आणि तो वळणाआड झाल्यावर आई म्हणाली, देवजी मरताना मराठी कशाला बोलंल? आमची बोली आमचे तोंडात. मरताना कुणी पुस्तकातला बोलतो काय?

मी विचारलं, मग इतकी वर्षं त्याला सांगितलं का नाही?

“दर साल यायचा तो. एवढा लांबून. आई बोलायची, त्याला खोटा पाडायचा नाय. खोटा पडला तर परत कसा येल?”

मी चिऱ्यापाशी खाली बसलो. मोरू, अरे मोरू… तू एक वाक्य उराशी धरून म्हातारा झालास आणि ते त्या बाईनं तुझ्यादेखत, तुझ्याचसाठी सांभाळलं होतं. हे तुला सांगायला हवं होतं आणि सांगायला तूच नाहीस. मला राग आला, तुझा, माझा, सगळ्यांचा. मग सोनीबायला मी सगळं सांगितलं, चौकी, पत्ते, चहाची तलफ, बर्फाचा डबा. आणि देवजी दारातून जे बोलला ते, जसं मोरूनं सांगितलं होतं तसं, त्यांच्या बोलीत.

“माजी पानां बघू नको,” ती पुटपुटली आणि एकदम हसली. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. “हा देवजी. हा आमचा देवजी. लय रडीचा डाव खेळायचा आणि दुसऱ्यावर संशय.” एवढ्या वर्षांत तिचा भाऊ पहिल्यांदाच घरी आल्यासारखं तिचं तोंड झालं होतं. छातीवर गोळी घेतलेला देवजी तिला कधी ओळखूच आला नसावा.

जरा वेळानं तिनं डोळे पुसले आणि माझ्याकडे रोखून बघितलं.

“मंग? हवालदारानं बघितली काय पानां?”

ते मला ठाऊक नव्हतं. मोरूनं सांगितलं नव्हतं आणि मलाही विचारायचं सुचलं नव्हतं. ती पानं कितीतरी वेळ तशीच पालथी पडली असतील, शोधून थकून परत आलेल्या मोरूसमोर.

“नाही,” मी म्हटलं. “हात पण लावला नाही त्यानं. म्हणाला, देवजीची पानं देवजीच उघडेल.”

सोनीबाय माझ्याकडे बघत राहिली. मग चिऱ्यावरचं एक वाळकं पान काढून टाकत म्हणाली, चला, चहा ठेवते. तिनंही मला खोटा पाडला नाही.