बिबेमाळची नोंद

तालुका कचेरीच्या रेकॉर्ड रूममधले अण्णा जुनं दप्तर सोडण्याआधी हात धुऊन शर्टाला पुसत. जांबोटीकडची बिबेमाळ ही माझ्या आजीची वस्ती आता कुठल्याच नकाशात नव्हती, म्हणून मी तीन महिने या कचेरीत खेटे घालत होतो. अण्णा दर वेळी म्हणत, “बसा. बघूया की.” मला त्याचा रागच येई.

शेवटचं दप्तर बांधून ते म्हणाले, “न्हाय सापडलं. आता बिबेमाळची माहिती मिळावी म्हणून एक अर्ज लिवा.”

“माहिती नाहीच, मग अर्ज कशाला?”

त्यांनी अर्जावर शिक्का मारला. आवक रजिस्टरात वस्तीचं नाव आधी सरकारी कन्नडमध्ये, मग मराठीत सावकाश लिहिलं.

“उद्या आणि कोण हुडकत आलं,” ते म्हणाले, “तर त्येला हितं तरी सापडंल.”