पडद्यावर गेलेला निरोप

मोहफुलांच्या दिवसांत आमच्या गावच्या बाया सकाळीच टोपली घेऊन जंगलात जातात. वाघ दिसला की सगळ्यांच्या फोनवर निरोप जावा, असा प्रोग्राम मी लिहून दिला. मी घरूनच नागपूरच्या कंपनीचं काम करते, तेव्हा मला सगळं येतं असा गावाचा समज आहे. माझाही होता.

प्रोग्रामचा एक तुकडा म्हणतो, 'निरोप पोचवणारा द्या.' कोणता द्यायचा, ते फाइलीत नेमून द्यायचं. याला बाइंडिंग म्हणतात. मी नेमलाच नव्हता, म्हणून प्रोग्राम सुरू होईना. मग चाचणीच्या फाइलीत एक खोटा नेमला. तो कुणालाच काही पाठवत नाही, पडद्यावर 'निरोप गेला' एवढं लिहितो. पुढे मुख्य फाइलीत खराही नेमला. बटण दाबलं, 'निरोप गेला' दिसलं, मी खूश. फोन कुणाचा वाजला का, हे बघायचं सुचलं नाही.

दुसऱ्याच सकाळी वनरक्षकाने कळवलं, नाल्यापाशी वाघ आहे. मी बटण दाबलं. निरोप गेला. समोरून धाकटी जाऊ टोपलं घेऊन निघाली.

"कुठी चालली? निरोप वाच ना!"

तिने फोन पाहिला. "मले तं काई आलं नाई, बाई."

"इथी गेला म्हणून दाखवून राह्यलं."

"मंग त्या डब्ब्यालेच गेला असन."

बाकीच्या बाया पुढे गेलेल्या. मी स्कुटी काढली, मागे जाऊ परात बडवत. नाल्याच्या अलीकडेच सगळ्या सापडल्या, धडधाकट. सगळ्यांना माघारी वळवलं.

घरी येऊन फाइली उघडल्या. एकाच कामावर दोघं नेमलेले, आणि दोघं असले की माझा प्रोग्राम शेवटी वाचलेला धरतो. शेवटी होती चाचणीची फाइल. ती काढली, पुन्हा बटण दाबलं आणि या वेळी जावेच्या फोनकडे पाहिलं. वाजला.

"नाल्यापाशी वाघ," तिने वाचलं. "आता काऊन सांगता?"

तेवढ्यात शेजारची दारं धडाधड लागली. खऱ्याने निरोप इमानदारीत साऱ्या गावाला पोचवला होता. दुसरा वाघ नाही, मीच आहे, हे सांगायला पुन्हा स्कुटी काढावी लागली. जाऊ परात घेऊन आधीच मागे बसली होती.