कपाटामागचा पत्रा

घरात त्यांना बायकोसुद्धा मिस्त्रीच म्हणायची. उभा जन्म मोठ्या इमारतींच्या छतांतून थंड हवा नेणारे पत्र्याचे डक्ट बनवण्यात गेलेला. हवा कुठून आत घ्यायची आणि कुठून बाहेर काढायची, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. पण निवृत्तीनंतर उजवा हात थरथरू लागला होता, आणि ते त्यांनी घरात कोणाला कळू दिलं नव्हतं. चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचे आणि वर म्हणायचे, ऊब बरी वाटते.

मुलगी घरूनच इमारतींचे नकाशे काढायची. दुपार झाली की तिचा कॉम्प्युटर तापून बंद पडायचा आणि सकाळपासूनचं काम पाण्यात जायचं.

"अगं, या डब्यात जीव गुदमरतोय त्याचा," एकदा मिस्त्री बोलून गेले. "बाजूच्या पत्र्याला गोल भोक पाडायचं, पंखा बसवायचा, काठावर पितळेची गोल कडी. दिसेलही झकास."

"मग तुम्हीच करा, बाबा," मुलगी म्हणाली.

रविवारी सकाळी कॉम्प्युटरचा तो पत्रा काढून ते गॅलरीत बसले. कंपासने गोल काढला, पुसला, पुन्हा काढला. पत्र्याची कात्री उचलली की हात नाचायला लागे. चाळीस वर्षं या हाताने घर चालवलं, आणि आता लेकीसमोर हाच नाक कापणार! जरा वेळ काढावा म्हणून ते फडकं आणायला उठले.

फडकं कपाटामागे खोचलेलं असायचं. तिथे हाताला लागला अगदी तस्साच दुसरा पत्रा, कोरा करकरीत, दुकानाच्या वेष्टनातला.

म्हणजे हाताचं पोरीला ठाऊक होतं. मिस्त्रींचा चेहरा उतरला. रागही आला, पण कोणाचा ते कळेना. पत्रा त्यांनी होता तसा परत खोचला. मग लक्षात आलं, ठाऊक असूनही तिने काम त्यांनाच दिलं होतं.

परत येऊन त्यांनी पत्रा गुडघ्यांत दाबला. ड्रिलने मधोमध वाट केली आणि डाव्या हाताने उजवं मनगट आवळून कात्री घातली. कपाळावरचा घाम पुसायलाही हात मोकळा नव्हता.

त्या दिवशी दुपार टळली तरी कॉम्प्युटर चालूच राहिला.

"एका जागी वाकडं गेलंय," मिस्त्रींनी भोकाच्या काठावर बोट ठेवलं. "कडी लावूनही दिसतंय. कपाटामागे दुसरा आहे ना, तो लाव."

लेक गोरीमोरी झाली.

"तो मी परत देणार आहे, बाबा," ती म्हणाली. "दुकानवाल्याने उद्यापर्यंतचीच मुदत दिलीय."