दारावरचे मासे

त्या आठवड्यात मी प्रभूशी अबोला धरला होता. प्रार्थनेला गुडघे टेकत होते, पण तोंडातून शब्द निघत नव्हता. निघाला असता तर भांडणाचाच निघाला असता. ज्याचं काम म्हणून करायला गेले, त्यानेच मला गावासमोर तोंडघशी पाडलं, असं मला वाटत होतं. आपली साक्ष, म्हणजे प्रभूचा अनुभव, सांगणारे बहुतेक जण आपण किती नम्रपणे सगळं सोसलं ते सांगतात. मी नम्र नव्हते. मी संतापले होते, आणि तो संताप अजून पुरता गेलेला नाही, हे आधीच सांगून ठेवते.

नवेगाव बांधच्या अलीकडे आमचं गाव. मी ब्लाऊज-परकर शिवून पोट भरते आणि रविवारी सकाळी आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, पोरांचा वर्ग घेते. वर्ग भरतो तो तुळशीरामभाऊंच्या घराच्या पुढच्या खोलीत. मी त्यांची भाडेकरू. ते धानाची शेती करणारे, देवधर्माचे हिंदू, आणि माणूस भला. पोरांना नुसती गोष्ट सांगितली की ती खिडकीबाहेर बघत बसतात, म्हणून मी त्यांच्यासाठी कोडी तयार करते. अक्षराच्या जागी चित्र काढायचं, अशी आमची गुप्त लिपी आहे. जाळं म्हणजे ज, घर म्हणजे घ, कमळ म्हणजे क. ‘ण’ने सुरू होणारी वस्तू काही सापडेना, म्हणून तिथे मी फुली मारली. पोरं या लिपीवर इतकी खूश की घरी भाजीत मीठ कमी आहे हेसुद्धा चित्रं काढून सांगायची.

त्या रविवारी मी विहिरीवरच्या बाईची गोष्ट घेतली होती. जिच्या हातचं पाणी कोणी घेत नव्हतं, तिच्याकडे प्रभूने स्वतः पाणी मागितलं, ती गोष्ट. नुसती सांगून ती पोरांच्या मनात शिरणार नाही हे मला ठाऊक होतं, म्हणून खजिना शोधायचा खेळ केला. पहिली चिठ्ठी पारावर, आणि शेवटची, बोरिंगजवळची, पोरांना नेणार सोनाबाईच्या घरी. सोनाबाई आमच्या आळीच्या टोकाला एकटी राहते. नवरा गेला, मग शेजाऱ्याचा बैल मेला, आणि गावाने ठरवून टाकलं की हिची नजर वाईट आहे. तिच्या अंगणातून कोणी जात नाही, तिच्या घरचं पाणी कोणी पीत नाही. मी तिला आधी विचारून खाऊची पुरचुंडी तिच्याकडे ठेवली होती. हे मी चुकून केलं नाही, जाणूनबुजून केलं. त्याबद्दल मला तेव्हाही वाईट वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

चुकले ते दुसरीकडेच. जुन्या काळी आपल्या ख्रिस्ती लोकांना लपूनछपून राहावं लागे तेव्हा ते मातीत मासा काढून एकमेकांना ओळख देत, हे मी पोरांना सांगितलं होतं. म्हणून जिथे चिठ्ठी तिथे खडूचा मासा, असं ठरलं. पण पोरांच्या दोन टोळ्या होत्या. एका टोळीने दुसरीला चकवायला आळीतल्या प्रत्येक दारावर मासा काढून ठेवला. आणि नुकतीच जिवती होऊन गेलेली. जिवतीला आमच्याकडे दारात कडुलिंबाची डहाळी खोचतात, लोहार येऊन चौकटीला खिळा ठोकून जातो, घरात वाईट काही शिरू नये म्हणून. त्याला दार बांधणं म्हणतात. बांधलेल्या त्या प्रत्येक दारावर, डहाळीच्या बरोब्बर खाली, पांढरा मासा! वर्षभर ज्यांच्यात राहते त्यांचा सण माझ्या ध्यानात राहिला नाही, ही चूक माझी.

पोरांना सोनाबाईच्या दारातून येताना लोकांनी पाहिलं होतं, आणि संध्याकाळपर्यंत आळीभर झालं की सोनाबाईने आणि ख्रिस्ती बाईने मिळून दारांचं बांधणं तोडलं. कोणाला तरी बोरिंगजवळची चिठ्ठी सापडली होती. तिच्यावर जाळं, तळं, फुल्या! आणखी काय पुरावा पाहिजे? तुळशीरामभाऊ माझ्या दाराशी आले, पण आत आले नाहीत.

“बाई, हे काय लावून राहिल्या तुमी? दारावर मासोळी काऊन काढली?”

मी सांगितलं, पोरांचा खेळ होता. त्यांचा विश्वास बसला असता, पण त्यांच्या मागे आळी उभी होती. ते म्हणाले, “बुधवारी पारावर लोक बसतीन. तिथं सांगा. नाईतर खोली खाली करा लागन, अन् त्या सोनाबाईलेबी गाव सोडा लागन.” खोली गेली असती तर वर्ग बंद पडला असता, कारण दुसरी खोली मला त्या गावात कोणी दिली नसती. पण म्हातारी सोनाबाई कुठे गेली असती? पाळकसाहेबांना फोन केला. ते म्हणाले, “बहिणी, माफी मागा आणि काही दिवस वर्ग बंद ठेवा, वातावरण निवळू द्या.” मी फोन ठेवला. माफी खडूची मागीन, पाण्याची मागणार नाही, एवढं माझ्या मनात पक्कं होतं. बाकी पुढे काय करायचं ते मला सुचत नव्हतं, आणि ज्याने सुचवायचं तो गप्प होता.

आमचा पार एसटीच्या थांब्याला लागूनच आहे. बुधवारी तिथे माणसं जमली. सोनाबाईला कोणीतरी बोलावून आणलं होतं. ती लांब, उकिरड्याच्या कडेला उभी होती. मी खडूची माफी मागितली. मग एकाने ती चिठ्ठी माझ्या नाकासमोर धरली आणि म्हणाला, “हा मंतर वाचून दाखवा.” मी म्हटलं, “मी वाचणार नाही. मी वाचलं तर म्हणाल बाईनं बदलून सांगितलं. तुमच्यापैकी कोणीही वाचा, अडाणी पोरगंही वाचील.” कोणी हात पुढे करेना. मंतर वाचायला सगळेच भ्याले होते. खरं सांगते, त्या क्षणी मीही भ्याले होते. ताठ उभी होते एवढंच.

थांब्यावर गोंदियाकडचा एक माणूस बसची वाट बघत बसला होता. पायाशी पिशवी, हातात घडी केलेलं वर्तमानपत्र. तो उठून आला आणि ती चिठ्ठी त्याने सरळ काढून घेतली. “अरे भैया, झगड़ा बाद में करना. ये तो बच्चों की पहेली है, हमारे पेपर में हर इतवार को आती है.” आणि तो पारावर बसून मोठ्याने सोडवायला लागला. चित्रावरून अक्षर त्याला लगेच कळलं. पण मराठी त्याची यथातथाच, अक्षरं जुळली तरी शब्द होईना. “घ... री. घरी. फिर को, और ये फुली. को... क्या?”

“कोनी!” मागून एक पोरगा ओरडला.

मग दुसरा शब्द, मग तिसरा. तो अक्षरं सांगायचा आणि लोक शब्द पुरा करायचे. चुकला की एकमेकांना हसायचे. घडीभरापूर्वी मला गावाबाहेर काढायला निघालेली माणसं त्या कागदावर माना वाकवून उभी राहिली. तुळशीरामभाऊंची बायको बायकांच्या घोळक्यातून पुढे आली आणि शेवटची फुली तिनेच सोडवली. “पाणी! पाणी होय ते.”

त्या माणसाने सगळं एकत्र वाचलं. “ज्या घरी कोणी जात नाही, त्या घरी जा. पाणी माग.”

हसू थांबलं. कोणाचं घर ते सांगायची गरज नव्हती, सगळ्यांच्या माना आपोआप उकिरड्याकडे वळल्या. तेवढ्यात बस आली. त्या माणसाने चिठ्ठी माझ्या हातात दिली, म्हणाला, “अच्छी बनाई है,” आणि पिशवी उचलून चढून गेला. त्याने माझं नाव विचारलं नाही, मला त्याचं विचारायचं सुचलं नाही. नंतर मी त्या थांब्यावर त्याला कधी पाहिलं नाही.

मी कोणाकडे न बघता सोनाबाईजवळ गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “सोनाबाई, तहान लागली. तुझ्या घरी चल, पाणी दे.”

ती घाबरून म्हणाली, “राहू दे वो बाई. माह्यासाठी कायले बदनाम होऊन राहिली?”

“तहान मला लागली ना?” मी म्हटलं आणि तिचा हात धरून चालायला लागले. मागे कोण येतं ते मी पाहिलं नाही. तिने माठातून पाणी काढून माझ्या हातात दिलं. देताना अर्धं पाणी माझ्या लुगड्यावर सांडलं. मी पेला रिकामा केला तेव्हा अंगणात तुळशीरामभाऊंची बायको उभी होती. पदर सावरत, जरा रागानेच म्हणाली, “मलेबी दे.”

वर्ग चालू आहे. तुळशीरामभाऊ एवढंच बोलले, “दारावर काई काढू नोका.” मी कबूल केलं. सगळं गाव सुधारलं असं मी म्हणणार नाही, आळीतले कितीतरी लोक अजून सोनाबाईच्या घरचं पाणी पीत नाहीत. पण तिला गाव सोडून जायला सांगायची हिंमत नंतर कोणी केली नाही.

तो माणूस कोण होता याचा वाद मी घालत नाही. कोडं आवडणारा एक प्रवासी होता, असं म्हणा. मी त्याच्याबद्दल रोज आभार मानते, एवढं पुरे आहे. मला समर्पण म्हणजे मान खाली घालून गप्प बसणं वाटायचं, म्हणून मला ते कधी जमलं नाही. त्या दिवशी कळलं की मला जे येतं ते मी करावं, उभं राहावं, आणि जे माझ्या हातात नाही ते वाचायला प्रभूने ज्याला पाठवायचं त्याला पाठवावं. प्रभू, तुझे उपकार आहेत. मला सहनशील कर असं मी मागत नाही. सोनाबाईच्या अंगणात उरलेली आळी येईपर्यंत मला असंच हट्टी राहू दे.